मागे कुणी राहायचं नसतं

आई, काल आमचा बॉयलर बंद पडला. दुरुस्तीचा माणूस येतो येतो म्हणत संध्याकाळपर्यंत आला नाही आणि बेसिंगस्टोकचं हे घर इतकं गार पडलं, की मी कोट घालून स्वयंपाकघरात बसून राहिले. बसल्या बसल्या मला लीड्सचं आपलं घर आठवलं, तिथली विझवलेली शेगडी आठवली. साठच्या दशकातल्या त्या हिवाळ्याबद्दल तू आणि मी कधी एक वाक्यसुद्धा बोललो नाही. तू जाऊनही आता इतकी वर्षं झाली.

शेजारच्या शहरात देवीचे रोगी सापडले होते. अप्पा दिवसभर हॉस्पिटलमध्ये रांगेतल्या लोकांना लस टोचत होते आणि हा रोग आपल्यासारख्यांनीच आणला असं समजून रस्त्यावरचे लोक आपल्याला बघून पलीकडच्या फुटपाथला जात होते. दूधवाला बाटल्या दाराशी न ठेवता फाटकाशीच ठेवून निघून जायचा. आपल्याला सगळ्यांना टोचून झालं होतं. माझा धाकटा भाऊ मात्र खोकत होता, अंगात ताप होता. अप्पांनी छाती तपासली आणि म्हणाले, साधी सर्दी आहे, त्याला उबेत ठेव. पण तू एकच शब्द ऐकला होतास, देवी. सोमवारी संध्याकाळी तू चपात्यांची चळत लावायला घेतलीस आणि शेंगदाण्याची चटणी कुटलीस.

"काय गं, सहलीला निघालात की काय?" अप्पांनी विचारलं.

"उद्या घर रिकामं करायचं. देवी आली की बाहेर पडायचं असतं."

"अगं, पण देवीला लीड्सचं तिकीट कुणी काढून दिलं?"

"तुम्हाला ज्यानं काढून दिलं त्यानंच."

अप्पा हसले. पुण्यात वाढलेल्या त्या माणसाला वाटलं, विषय संपला. सकाळी ते ड्युटीवर गेले आणि तू शेगडीतल्या निखाऱ्यांवर पाणी ओतलंस.

तुझं माहेर कर्नाटकात, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर कानडी बोलणारं. तिथलं हे तू आम्हाला इतक्यांदा सांगितलं होतंस, की मीही त्या गावात लहानाची मोठी झाले असं मला वाटायचं. साथ आली की पुजारी दवंडी द्यायचा. मंगळवारी सूर्य वर यायच्या आत प्रत्येक घरची चूल विझवायची, दारं सताड उघडी टाकायची आणि आदल्या दिवशीच्या भाकऱ्या बांधून सगळ्यांनी शिवेबाहेर जायचं, म्हणजे देवीला रिकाम्या गावात मनासारखं फिरता येतं आणि ती निघून जाते. लिंगायत, मराठे, मुसलमान, सगळे जायचे. वेशीबाहेर राहणाऱ्यांनाही जावं लागायचं, पण त्यांनी बसायचं ते लांबच्या बाभळीखाली. देवीला सगळे सारखे, झाडं मात्र वेगळी, असं तू एकदा म्हणाली होतीस, पण त्यात तुला काही खटकलं होतं की नाही हे मला कळलं नव्हतं. तुला आठवायचे ते चिंचेला बांधलेले झोके, आणि संध्याकाळी देवळात पेटवलेला नवा जाळ, जो प्रत्येक घरानं आपल्या चुलीसाठी न्यायचा.

तो मंगळवार. आपण पार्कातल्या बाकावर बसलो आहोत. गवतावरचं दव दुपार झाली तरी पांढरंच आहे. धाकटा तुझ्या कोटाच्या आत आहे, फक्त त्याची लोकरीची टोपी दिसते. तू त्याच्याशी कानडीत काहीतरी पुटपुटतेस, जसं त्याला झोपवताना नेहमी बोलायचीस. माझ्याशी तू मराठीच बोलायचीस. मी घरी जाऊया म्हणते. तू म्हणतेस, "दिवे लागल्याशिवाय नाही. थोडा वेळ. आज आपलं घर तिचं आहे."

अंधार पडल्यावर परतलो तर शेजारीण खिडकीत उभी होती. "युअर डोअर्स बीन ओपन ऑल डे, लव्ह," ती तिथूनच ओरडली. कितीतरी दिवस ती आपल्याशी बोलली नव्हती, पण उघड्या दारावर दिवसभर नजर ठेवून होती. तू तिला म्हणालीस, "फायर, प्लीज." आपली आग बाहेरूनच यायला हवी होती. तिला काय कळलं कोण जाणे. ती कोळशाच्या फावड्यावर रसरशीत निखारे घेऊन आली, मधल्या भिंतीवर फावडं ठेवलं आणि चार पावलं मागे सरकली. तू ते आत आणलंस तेव्हा तुझा चेहरा उजळला होता. नियमाप्रमाणे सगळं झालं होतं.

त्याच आठवड्यात धाकटा गेला. देवीनं नाही, न्यूमोनियानं, आणि अप्पांच्याच हॉस्पिटलमध्ये. अप्पा एकदाच बोलले, "थंडीत नेलंस त्याला." तू शांतपणे म्हणालीस, "सगळ्यांना न्यावं लागतं. मागे कुणी राहायचं नसतं." पुढची सगळी वर्षं तू त्या एका वाक्याच्या आधारानं काढलीस. आपण चुकलो नाही, जे करायचं असतं ते केलं. अप्पांनी तो आधार काढून घेतला नाही, हे मला त्यांचं मोठेपण वाटतं.

मग सत्तरच्या दशकात आपण दोघी तुझ्या माहेरी गेलो. देवळात ट्यूबलाइट आली होती. म्हातारा पुजारी पायरीवर बसून पान कुटत होता. तू त्याला कानडीत विचारलंस, हल्ली गाव बाहेर पडतं का? धाकट्या बहिणीला म्हणतात तसं तुला तंगी म्हणत तो म्हणाला, "कशाला, तंगी? देवी गेली की आता, सरकारनं घालवली." मग जुन्या गोष्टी निघाल्या. तू म्हणालीस, तेव्हा आजाऱ्यांना बाजेवर घालून नेत असतील ना? तो हसला. "छे, आजाऱ्याला कोण हलवतं? देवी त्याच्याच अंगात असायची की. ज्या घरात दुखणं, त्या घरची एक बाई त्याच्याजवळ थांबायची. बाकीचे बाहेर. तू लहान होतीस, तुम्ही पोरं झोक्यावर, तुला काय माहीत असणार?"

"असं होय," तू म्हणालीस. देवीला हळद-कुंकू वाहिलंस. पदर डोक्यावरून नीट घेतलास.

बसमध्ये मी विचारलं, "काय म्हणत होते गं ते आजोबा?"

"काही नाही. पावसाचं बोलत होते."

त्यानंतर तू फार दिवस काढले नाहीस. हे पत्र कुणाला दाखवायचं नाही. अप्पा असते तरी त्यांनाही दाखवलं नसतं. पण एवढं सांगते. मला कानडी कळत होती, आई. धाकट्याला झोपवताना तू जे बोलायचीस ते शेजारच्या पलंगावर पडून ऐकता ऐकताच ती मला आली होती. तुला कुणाशी तरी बोलता यावं म्हणून मी विचारलं होतं. तू पाऊस म्हणालीस, तेव्हा मी बसच्या खिडकीतून त्या कोरड्या, स्वच्छ आभाळाकडे बघितलं आणि म्हटलं, "हो, येईलसं दिसतंय."