गाडीला गोडं पाणी

॥ श्री ॥
पनवेल, ता. १८ नोव्हेंबर १९६१

चि. जगन यास कमळाकरमामाचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. नागपुरात थंडी पडली हे वाचून मी इथे शाल काढली, तर तुझी मामी म्हणाली की पत्र वाचून हुडहुडी भरणारा माणूस तिने दुसरा पाहिला नाही.

मुख्य बातमी अशी की आपल्या आनंदाला रविवारी, बारा तारखेला मुलगी झाली. सौ. मालू सूनबाई आणि बाळ दोघी खुशाल. बारसं चोवीस डिसेंबरच्या रविवारी धरलं आहे. आनंदाला सख्खी बहीण नाही, तेव्हा बाळाच्या कानात नाव सांगण्याचा मान माझ्या बहिणीचा, म्हणजे तुझ्या आईचा. पण अक्का वाईहून येणार कशी? चार वर्षांपूर्वी एस. टी.ने येताना खंडाळ्याच्या वळणांनी तिचे जे हाल झाले, तेव्हापासून तिने एस. टी. वर्ज्य केली आहे. मी फुशारकीने लिहून बसलो की मी स्वतः गाडी घेऊन न्यायला येतो. आणि गाडीने ऐन वेळी रुसावं!

परवा कर्नाळ्यापर्यंत गेलो. सपाटीवर इंजिन कसं भुजंगप्रयातात चालतं, ऐकत राहावं. पण चढ लागला की यती चुकतो, उष्णतेचा काटा वर जातो आणि बॉनेटमधून वाफ निघते. तासभर झाडाखाली बसून पाखरं ऐकली. वेळ मजेत गेला हे खरं, पण अक्काला घाटात अशी पाखरं ऐकवता येणार नाहीत. ही गाडी आधी निलगिरीतल्या एका साहेबाकडे होती, म्हणून आत पायापाशी हीटरही आहे. पनवेलीत मोटारीला शेगडी, हे ऐकून काशिराम तांबट अर्धा तास हसत होता. तो हीटरही गारच असतो म्हणा. जे तापायला हवं ते गार, आणि जे गार राहायला हवं ते उकळतं!

तू मोटारींचा वैद्य. रजा मिळत नसेल तर पत्राने औषध पाठव. मामावर माया आहे ती अशीच राहू दे.

तुझा,
कमळाकरमामा

॥ श्री ॥
नागपूर, ता. २४ नोव्हेंबर १९६१

ती. मामांस जगनचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

नात झाल्याचं वाचून फार आनंद झाला. मामीला म्हणावं, पेढे टपालाने येतात.

मामा, तुमच्या पत्रात वृत्त सापडलं, यती सापडला, पाखरंही सापडली. पण गाडीत पाणी कुठलं घालता ते काही सापडलं नाही. परसातल्या विहिरीचं मचूळ पाणी घालत असाल तर रोग तोच. लहानपणी त्या पाण्याने माझ्या अंगाला साबणाचा फेस कधी आला नाही. त्याचा क्षार रेडिएटरच्या नळ्यांत बसतो आणि पाणी फिरेनासं होतं. हीटरमध्येही तेच पाणी फिरतं, म्हणून इंजिन तापूनही तो गार. आजार दोन दिसतात, मूळ एक.

आता असं करा. इंजिन पुरतं गार झाल्यावर खालची तोटी सोडून सगळं पाणी काढा. गरम असताना झाकणाला हात लावाल तर तोंड भाजेल, हे मामीसमोर मोठ्याने वाचा. मग धुण्याचा सोडा गरम पाण्यात विरघळवून भरा, वीस मिनिटं इंजिन चालू ठेवा, गार होऊ द्या, काढा. स्वच्छ पाणी निघेपर्यंत धुऊन घ्या आणि शेवटी गोडं पाणी भरा. हीटरच्या नळीला इंजिनापाशी एक तोटी असते, ती बंद आहे का बघा. पंख्याचा पट्टा अंगठ्याने अर्धा इंच दबावा, जास्त नको.

आणि घाटात काटा चढू लागला तर हीटर पुरा उघडा. इंजिनाची उष्णता तो बाहेर ओढतो. आत घामाघूम व्हाल, पण गाडी वर जाईल.

आईचं कालच पत्र आलं. ती विचारते की कमळ्या गाडी हाकताना कविता म्हणतो का. मी उत्तर दिलेलं नाही. मजवरचा लोभ उकळू देऊ नये, कोमट असला तरी पुरे.

आपला आज्ञाधारक,
जगन

॥ श्री ॥
पनवेल, ता. ९ डिसेंबर १९६१

चि. जगन यास अनेक उत्तम आशीर्वाद, वि. वि.

रोग बरोबर ओळखलास. आपल्या घरात गोडं पाणी माणसांना आणि मचूळ पाणी धुण्याभांड्यांना, हा आजोबांपासूनचा नियम. गाडीला मी भांड्यांत धरलं! सोडा घालून पाणी काढलं तेव्हा आधी चहासारखं, मग ताकासारखं, आणि मग पांढरे पोपडे निघाले. अगदी मिठागरच म्हण ना. तोटी लावायला विसरून मी एक कळशी अंगणात वाहवली, तेही कबूल करतो.

खरी लढाई गोड्या पाण्यावरून झाली. आपल्याकडे लांबच्या विहिरीवरून हंडे आणणारी हौसा कमरेवर हात ठेवून उभी राहिली नि म्हणाली की मास्तर, मान्सांना पानी नाय नि तुमी गारीला पाजताव! मी तिला रसाळ भाषेत दहा मिनिटं इंजिनाची तहान समजावून सांगितली. ती शेवटी मामीला म्हणाली की मास्तरांना ऊन लागलाय. पण हंडा दिला.

हीटरची तोटी गंजून बसली होती, ती काशिरामने मोकळी केली. रेडिएटरला एक बारीक भोक होतं, तिथे कथलाचा डाक दिला. आता हीटर असा तापतो की काल मामीने बाळाची दुपटी त्याच्यापुढे वाळवली. चढावर मात्र अजून पारख झालेली नाही.

अक्काचं उत्तर आलं. ती लिहिते की ती काही उकडीचा मोदक नव्हे, वाफेवर बसायला. तरी एकदा येऊन दाखव म्हणते. मात्र गाडी वाटेत अडली तर एस. टी.ने पुढे न्यायचं नाही, परत वाईला पोचवायचं. आणि बारसं पुढे ढकलता येत नाही, व्याह्यांनी त्या दिवसाचीच रजा काढली आहे. म्हणजे बाळाला आत्याच्या तोंडून नाव मिळणं आता त्या चिमुकल्या रेडिएटरवर आहे. काशिरामला घेऊन एकवीस तारखेच्या गुरुवारी निघतो. तुझं आमच्यावरचं लक्ष ढळू देऊ नकोस.

तुझा,
कमळाकरमामा

॥ श्री ॥
पनवेल, ता. २६ डिसेंबर १९६१

चि. जगन यास अनेक आशीर्वाद, वि. वि.

गुरुवारी बोरघाट चढलो. काटा थरथरला, पण ढळला नाही. शुक्रवारी पहाटे अक्काला घेऊन वाई सोडली. गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालून, पेट्रोलचा वास येतो का ते हुंगून मगच ती बसली.

खंबाटकीच्या चढावर काटा भराभर चढू लागला. मी तुझा मंत्र आठवून हीटर पुरा उघडला. जगन, माझ्या कपाळावरून धारा लागल्या, काशिराम मागे खिडकीतून मान बाहेर काढून बसला, आणि अक्का? तिचे ते थंडीने आखडलेले पाय! ती शाल सैल करून म्हणाली की कमळ्या, माझ्या पायांसाठी किती सोय केलीस रे. इंजिनासाठी केली असं सांगण्याचा धीर मला झाला नाही. काटा उतरला आणि आम्ही वर आलो.

पण कात्रजच्या आधी एका नळीची पट्टी सैल झाली आणि पाणी गळालं. काशिरामने पट्टी आवळली. आमचा पाण्याचा डबा ओतला तरी पाणी पुरेना. आसपास विहीर नाही. अट मला पाठ होती, मी अक्काकडे बघेना. तेव्हा तिने पदराखालून एक तांब्या काढला. बाळाच्या अंघोळीसाठी वाईहून आणलेलं कृष्णामाईचं पाणी! मी नको नको म्हणालो, तर म्हणाली की पोहोचलोच नाही तर कुणाला घालू? आधी हिला पाज. तळाशी घोटभर ठेवून बाकी सगळं तिने स्वतःच्या हाताने, पदर सावरत, देवाला अभिषेक करावा तसं ओतलं. दिवेलागणीला आम्ही पनवेलीत होतो.

रविवारी बारसं झालं. मी सुचवलेलं नाव पाच अक्षरांचं होतं. अक्काने कानात काय सांगितलं ते तिनेच लिहावं, मी थोडा रुसलो आहे. खाली तिच्या चार ओळी. तुझी आठवण पानापानात आहे, तशीच तिकडेही असू दे.

तुझा,
कमळाकरमामा

चि. जगूस आईचे आशीर्वाद. मुलीचं नाव मैना ठेवलं. तुझ्या मामाच्या नावाला श्वास पुरला नसता. तो गाडी हाकताना कविता म्हणत नाही, ऐकतो. ते जास्त भीतीचं. ही मंडळी आता मला चैत्रापर्यंत सोडत नाहीत, आणि मलाही घाई नाही. प्रवासाने अंग मुळीच दुखलं नाही. दुखते आहे ती पाठ: नाव सांगितल्यावर कुर्र करून बायकांनी आत्याबाई म्हणून अशा बुक्क्या घातल्या की अजून टेकून बसवत नाही. प्रकृतीला जप, आणि आईला दोन ओळी तरी घालत जा.