तडा कुणाचा

लातूर, ९ मे २००३

ती. सिंधुअक्कास, वीरण्णाचे शि. सा. शरणार्थ.

संग्रहालयाच्या दक्षिणेकडच्या कमानीला गेलेला तडा भूकंपाचा नाही, असं काल पुरातत्त्व खात्याच्या अभियंत्यांनी पक्कं सांगितलं. तडा ताजा आहे. आत धूळ नाही, जाळं नाही. शेजारच्या खड्ड्याकडं पायाखालची माती सरकतेय. अक्का, तो खड्डा आपल्या हरिओमचा. त्याच्या क्लासच्या पोरांच्या हॉस्टेलला लागून जमिनीखाली अभ्यासिका काढायची म्हणून त्यानं खोदलाय.

संरक्षित वास्तूला लागून खोदायला बंदी आहे, हे मी त्याला बजावलं होतं. तो हसून म्हणाला, मामा, भूकंपात हललं न्हाई ते माझ्या खड्ड्यानं काय हलतंय! आणि मी, इथला माहिती सांगणारा माणूस, महिनाभर लोकांना तो तडा भूकंपाचा म्हणून दाखवत होतो. लातुरात चीर दिसली की त्र्याण्णव सालावर ढकलायची सवयच लागलीय.

दाजींना शरणार्थ. अक्का, रागावलीस तरी उत्तर धाड.

तुझा वीरण्णा

नांदेड, १४ मे २००३

चि. वीरण्णास अ. आ.

तुला भाच्यापेक्षा भिंती जवळच्या, हे लहानपणापासून ठाऊक हाय. जूनमध्ये हॉस्टेल भरायचं, अहमदपूर-उदगीरची पोरं नाव घालून बसलीत. महिनाभर भूकंपाचा म्हणालास, तसंच आणखी एकदा खात्याच्या साहेबांना म्हण. भूकंप काय साक्षीला येणार हाय का?

तुझ्या दाजींना यातलं काही सांगितलं नाही. तूही बोलू नकोस. एवढं बहिणीसाठी कर.

अक्का

लातूर, १९ मे २००३

ती. अक्कास शि. सा. शरणार्थ.

तुझं पत्र येण्याआधीच साहेबांनी खड्डा कुणाचा विचारलं. भाच्याचा, म्हणालो. मान वर झाली नाही. आधी आलं असतं तरी तेच म्हणालो असतो.

संग्रहालयाची ही इमारत म्हणजे निजामाच्या काळातली कचेरी. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर चुना-विटेच्या कमानी. एक कमान दुसरीला रेटून धरते, म्हणून भूकंपात उभी राहिली. आता टोकाची खचली तर ओळच जाईल. भूकंपानंतर घरात पाऊल टाकायची भीती वाटायची, तेव्हा हरिओमची शाळा हिच्याच ओसरीत भरली. आवारात तू खिचडी शिजवायचीस. विसरलीस का?

माया पातळ होऊ देऊ नकोस.

वीरण्णा

नांदेड, २६ मे २००३

चि. वीरण्णास अनेक आशीर्वाद.

शनिवारी लातूरला येऊन गेले. तुझ्या घरी आले नाही, तोंड दाखवायचा धीर झाला नाही. हरिओमला घेऊन थेट संग्रहालयात गेले. शाळेत कुठल्या खांबाला टेकून बसायचा ते त्यानंच दाखवलं. पुढं कमानीपाशी रेणापूरकडचा एक बाप लेकीला सांगत होता, बघ, भूकंपानं किती मोठी चीर पाडली. हरिओम शेजारीच उभा होता. त्यानं मान फिरवली, मी पदर तोंडाला लावला. अशी लाज मला जन्मात वाटली नाही.

बाहेर आल्यावर त्यानं खोदणारं मशीन परत पाठवलं. यंदा अभ्यासिका होणार नाही, असं नावं घातलेल्या पोरांच्या घरी स्वतः जाऊन सांगणार हाय. तुझ्या दाजींना मी काल सांगितलं.

पुढच्या सोमवारी खात्याची माणसं आधी कमानीला टेकू देतील, मग खड्ड्यात मुरूम भरतील. खर्च हरिओमचा. कमान धरते की नाही, ते पावसाळ्यानंतरच कळेल म्हणे. जूनमध्ये शाळेची पोरं यायला लागली, की तडा कुणामुळं गेला ते विचारतील. मामा माझं नाव घेतील का, असं हरिओमनं विचारलं. मी म्हटलं, घेतील.

तू घे.

अक्का