गणिताची चिप आणि धाकटीची छत्री

मी, खाली सही करणारा, वय एकाहत्तर, पूर्वी नकाशांच्या कचेरीत आरेखक, हे लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझा त्यावर पुरता विश्वास नाही, पण लिहितो ते स्वखुशीने.

१. राहते घर व बँकेतली ठेव पत्नीस, तिच्या पश्चात मुलीस. यात गोंधळ नाही.

२. आरेखनाची पेटी मुलीस. कंपासचा पाय शेजारच्या टेबलावरच्या आरेखकाने मोडला आणि निवृत्त होईपर्यंत कानांवर हात ठेवले. त्याला काहीही देऊ नये.

३. मागच्या खोलीतले दोन जुने संगणक, एक करडा, एक पांढरा, धाकट्या बहिणीस. कारण सांगणे भाग आहे.

१९९१ साली आमच्या संगणक मंडळाच्या पत्रकासाठी मी त्रिमिती हलती चित्रे काढणाऱ्या दोन प्रोग्रॅमांची तुलना केली. एक विकतचा, दुसरा धाकटीने तीन वर्षे खपून स्वतः लिहिलेला. दोन्हींत एकच छत्री उघडायची होती. हिशेब भराभर करणारी गणिताची चिप आमच्याकडे एकच होती, म्हणून ती आधी करड्यात आणि मग काढून पांढऱ्यात बसवायची असे ठरले. करड्यावर विकतच्या प्रोग्रॅमला एका चित्रास नऊ मिनिटे लागली, पांढऱ्यावर धाकटीच्या प्रोग्रॅमला पन्नास. तिच्या छत्रीचे कापड कापडासारखे दिसे, विकतची पत्र्याची वाटे. तरी मी छापले, "चित्र सुबक, पण वाट पाहून म्हातारपण येईल." ते वाचून तिचा प्रोग्रॅम घेणारा व्यापारी मागे फिरला.

ती एवढेच म्हणाली, "दादा, चिप बदलली होतीस ना?"

मी म्हणालो, "हरलीस म्हणून आता चिप आठवली होय?"

त्यानंतर तिने या घरात पाऊल टाकले नाही. तिने पुन्हा प्रोग्रॅम लिहिला नाही, असे पत्नी सांगते.

गेल्या महिन्यात या मृत्युपत्राच्या यादीसाठी दोन्ही संगणकांची झाकणे उघडली. चिप करड्यात आहे. नंतर मी परत बसवली असेल, किंवा ती हललीच नसेल. वहीत "चिप बदलली" पुढे बरोबरची खूण आहे, पण सगळ्या खुणा सकाळीच करून टाकायची माझी सवय होती. मला खरेच आठवत नाही. कधी वाटते बदलली, स्क्रू हातात होता. कधी वाटते तो स्क्रू दुसऱ्याच दिवसाचा.

४. पांढरा संगणक अजून चालू होतो. प्रोग्रॅमच्या डिस्का तिच्याकडेच आहेत. तिने यावे, चिप स्वतःच्या हाताने बसवावी आणि मला मिनिटे मोजू द्यावीत. हे कलम मी जिवंत असतानाच लागू करावे. वकील म्हणतात, मृत्युपत्रात असे बसत नाही. बसवावे. पन्नास मिनिटे लागली तरी चूक माझीच धरावी, कारण तिने विचारले तेव्हा झाकण उघडून बघायला दोन मिनिटे लागली असती आणि मी खुर्चीतून उठलो नाही.

सही: धाकटीचा दादा
साक्षीदार: खालच्या मजल्यावरचे शिंपी, कचेरीतल्या टंकलेखिका (निवृत्त). दोघांनी माझी सही समोर पाहिली.
ठिकाण: मागची खोली
दिनांक: ३ मार्च २०१९, रविवार