भुऱ्याच्या गळ्यातलं घुंगरू

भिलाई, १२ जानेवारी १९६४

तीर्थरूप मायले,
कडूबाचं डोकं तुह्या पायावर.

मी इथं बरा हाये. खाणावळीत पोट भरते. तुह्या गुडघ्याची सूज उतरली काय?

भुऱ्या पायात आला अन् तू पडली, म्हून कुत्र्याले निवृत्तीकाकाच्या वावरात धाडजो, असं मीच लिहिलं होतं. आता काकाचं पत्र आलं. भुऱ्या गेल्यापासून तुही चूल धड पेटत नाही म्हणते. चुकलंच माहं. त्याच्या भाकरीच्या निमित्तानं तू तुहीबी थापत होती.

त्याले घरी आणजो. शेजारच्या निजामभाईकडून बैलाचं एक घुंगरू त्याच्या गळ्यात बांधून घेजो. दिसला नाही तरी ऐकू येईन.

अन् दोघंबी संगंच जेवजा. एकटं जेवायची सवय त्याले नाही, तुले नाही. मलेबी अजून झाली नाही.

तुहा कडूबा