तुमच्या साउंडरची टकटक

अहो,

परीक्षेत नापास होऊन आत्ताच घरी आले. लुगडं बदललेलं नाही, स्टोव्हवर चहाचं आधण ठेवलंय आणि त्याच्या शेजारीच पाटावर कागद घेऊन बसले आहे. मला आज कुणाला तरी रागवायचं आहे. चाळीतल्या कुणाला रागवण्यात अर्थ नाही, त्यांचा काही दोष नाही. ज्यांचा दोष आहे ते भिंतीवर फोटोत बसून हसताहेत.

हसा. तुमचं काय जातंय?

कसली परीक्षा, ते तुम्हाला सांगायला नको. घरात स्वतःचं बिनतारी यंत्र ठेवून दुसऱ्या हौशी लोकांशी बोलायचं तर सरकारचा परवाना लागतो, आणि परवान्याआधी परीक्षा, हे वेड घरात आणलंत तुम्हीच. लेखी पेपर इंग्रजीत होता. मला धास्ती होती ती त्याची. चौथीत शाळा सुटलेली बाई मी. वाचनालयातल्या कादंबऱ्या आणि वाण्याच्या पुड्यांचे कागद ह्यांवर वाचायला शिकले. तो पेपर मला सुटला! आणि गेले कशात? मोर्समध्ये. तारमास्तरची बायको, आणि टिंब-रेघेत नापास! हे खापर मी कुणाच्या डोक्यावर फोडू?

तुम्हाला तो कर्फ्यू आठवतो ना? लालबागकडून गोळीबाराचे आवाज येत होते आणि इथे परळच्या भोईवाड्यात आम्ही बायका खिडक्या लावून बसलो होतो. कुणीतरी बातमी आणली की आपल्या गल्लीतला एक माणूस पडला. कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. ज्या ज्या घरातला पुरुष बाहेर होता, त्या त्या घरात रडं सुरू झालं. मी रडले नाही. तांदूळ निवडत बसले, आणि ते संपले तेव्हा निवडलेलेच पुन्हा निवडायला घेतले. तुम्ही फोर्टात, तार ऑफिसात अडकलेले. आतल्यांना बाहेर सोडत नव्हते, बाहेरच्यांना आत घेत नव्हते. इराण्याच्या दुकानातला टेलिफोन मुका झालेला. तुम्ही आहात की नाही, हे मला कोण सांगणार होतं?

परत आलात तेव्हा पाय धुवायच्याही आधी दारातच म्हणालात, "अगं, साऱ्या मुंबईचं 'सुखरूप आहोत' ह्या हातानं गावोगाव पाठवलं. पण परळला एक शब्द पोचवता आला नाही."

कारण तार निघाली तरी ती घेऊन येणारा शिपाई आमच्या रस्त्यावर शिरणार कसा? तेव्हा मला तुमची दया आली होती. आज राग येतो. त्या एका वाक्यातून तुम्ही एवढं सगळं सुरू केलंत आणि त्यातलं एकही धड पुरं न करता निघून गेलात.

तुमच्या ऑफिसातले डिसोझा गिरगावात राहतात, त्यांच्याकडे परवाना आणि यंत्र आधीपासून होतं. तुमचं दोघांचं ठरलं. गिरगावातून ते, परळातून तुम्ही. तारा तुटोत, टेलिफोन मरोत, दंगल होवो नाहीतर आग लागो, ही दोन घरं एकमेकांशी बोलत राहतील, आणि त्यांच्यामार्फत दोन्हीकडच्या चाळी. मग काय विचारता! दर सुट्टीला चोरबाजार. लढाईतलं मोडकं सामान पिशवीतून घरी. आपलं जेवायचं टेबल गेलं, माझ्या पितळी परातीत तारा जोडायला डाख लावायचं सामान आलं. मी म्हटलं, मलाही डाख लावायला शिकवा, तर म्हणालात, भाजशील. स्वयंपाकघरात अर्धा जन्म काढलेल्या बाईला तुम्ही सांगत होतात, भाजशील!

गच्चीवर बांबू उभे करून तार ताणलीत, तेव्हा शेजारची राधाक्का दारात येऊन मला म्हणाली, "तुझ्या घोवान आमच्या माथ्यार वीज पाडूक काढल्यान काय गो?" तुम्ही तिला समजावून सांगायला गेलात आणि तासाभरानं डोकं धरून आलात. तिनं दुसऱ्या दिवशी त्याच तारेवर गोधडी वाळत घातली. तुम्ही ओरडलात तर म्हणाली, वीज पडात ती गोधडयेर पडात.

मग तुम्हाला कावीळ झाली. परवान्याचा अर्ज सरकारात पडून राहिला, कारण चळवळीच्या दिवसांत परळच्या माणसाला बिनतारी यंत्र कशाला हवं ह्याचा संशय सगळ्यांना. आणि तुम्ही गेलात. मागे काय उरलं? ऐकता येईल पण बोलता येणार नाही असं एक यंत्र. बोलायच्या यंत्राचा नुसता सांगाडा. त्याचे महत्त्वाचे भाग परवान्याशिवाय मिळत नाहीत, असं डिसोझा म्हणाले. बाळभावजी म्हणाले, वहिनी, भंगारात घाला, खोलीत जागा तरी होईल. मी घातलं नाही. का, ते तेव्हा मलाही सांगता आलं नसतं.

नंतर ती दुपार आली. पुन्हा कर्फ्यू, पुन्हा टेलिफोन मुका, आणि राधाक्काच्या सुनेला दिवस भरायच्या आधीच कळा. सुईण पलीकडच्या गल्लीत, आणि मधल्या नाक्यावर पोलीस. मला काही सुचेना, मी आपलं यंत्र लावलं. खरखरीतून डिसोझांचा आवाज आला, अगदी शेजारच्या खोलीतून यावा तसा. वांद्र्याच्या कुणाशी तरी ते बोलत होते. सांगत होते, गिरगावात सगळं ठीक आहे, टेलिफोन चालू आहेत, खालच्या दवाखान्यात डॉक्टर बसलेत. कुणाला काही निरोप असला तर सांगा.

कुणाला काही निरोप असला तर!

माझ्याकडे निरोप होता हो. मी त्या यंत्रासमोर बसले होते आणि त्याला तोंड नव्हतं. शेवटी आम्ही बायकांनीच तिला हातगाडीवर घातलं आणि पोलिसांच्या हातापाया पडत सुईणीकडे नेलं. सून वाचली. बाळ राहिलं नाही.

पुष्कळ दिवस राधाक्का माझ्याशी बोलली नाही. मग एकदा आली, उंबऱ्यावर बसली, यंत्राकडे बोट केलं आणि म्हणाली, "ह्या ऐकता, तर बोलत कित्याक नाय?"

मी सांगितलं, परवाना लागतो, त्यासाठी परीक्षा आहे.

"मगे दी परीक्षा," ती म्हणाली. एवढंच म्हणाली आणि उठून गेली. तेव्हापासून त्या तारेवर गोधडी पडलेली नाही. दुसऱ्या कुणी घातली तर ती स्वतः ओढून काढते.

म्हणून दिली मी परीक्षा. तुमच्यासाठी नव्हे, गैरसमज नको.

अर्ज द्यायला गेले तेव्हाची गंमत ऐका. कारकुनानं विचारलं, नवऱ्याची संमती आहे का? म्हटलं, वारले. मग मुलाची? म्हटलं, मूल नाही. त्यानं चष्मा काढला आणि खरोखरच्या काळजीनं विचारलं, "मग बाई, तुम्ही बोलणार तरी कोणाशी?" चौकशीला हवालदार घरी आला. चहा प्यायला, बाहेर कुणी नाही ना ते पाहिलं आणि हळूच म्हणाला, मुंबई आपल्यालाच मिळायला हवी हो. मग मोठ्यानं विचारलं, तुम्ही चळवळीचे निरोप देणार का? मी म्हटलं, मी आजारपणाचे आणि आगीचे देणार. चाळीतली पोरं उलट रागावली, की वहिनी, एवढं यंत्र आहे आणि चळवळीच्या कामी देत नाही! त्यांना सांगितलं, तुमच्या घोषणा गल्लीत ऐकू येतात, त्यांना यंत्र नको. ज्या हाका ऐकू जात नाहीत त्यांच्यासाठी हे आहे. एक बाजू मला फितूर म्हणते, दुसरी बाजू हेर. तुम्ही असतात तर हे सगळं तुमच्या वाट्याला आलं असतं. सुटलात!

डिसोझांनी पुस्तकं आणून दिली, दर रविवारी येऊन समजावलं. यंत्राची विद्या सगळी शिकवली. मोर्सचं नाव कुणी काढलंच नाही. ते म्हणायचे, तारमास्तरच्या घरात मोर्स काय शिकवायचा? मीही तेच म्हणत होते. लग्न झाल्यापासून ऐकत आले होते की! तुम्ही ऑफिसातला, तारेचे संदेश टकटक वाजवणारा जुना साउंडर घरी आणून बिस्किटाच्या डब्याला टेकवून ठेवायचात, सरावाला. मी पोळ्या लाटता लाटता अक्षरं ओळखायला लागले. इंग्रजी एबीसी मी डोळ्यांनी वाचायच्या आधी कानांनी शिकले. तुम्ही टकटक करून विचारायचात, आज भाजी काय, आणि मी लाटण्यानं पोळपाटावर उत्तर द्यायचे. तुम्ही गेल्यावरही रोज संध्याकाळी त्या साउंडरवर मी स्वतःच वाजवत आणि स्वतःच ऐकत आले.

आज आधी पाठवायला सांगितलं. मी पाठवलं. परीक्षक मान हलवत राहिले, खूश दिसले. मग कानाला हेडफोन लावले आणि ऐकून लिहा म्हणाले.

अहो, तिथे टकटक नव्हतीच! शिट्टी होती. बारीक शिट्टी, लांब-आखूड, लांब-आखूड. मला एक अक्षर कळेना. मी वाट पाहत राहिले की आता टक होईल, मग टक होईल, आणि मधलं अंतर मी मोजेन. साउंडरचं तसंच ना? दांडी खाली बसली की एक टक, वर उठली की दुसरी. दोन्हींमध्ये थोडं थांबलं तर टिंब, जास्त थांबलं तर रेघ. तुम्ही मला मधली शांतता ऐकायला शिकवलंत. आणि त्या लोकांनी शांततेच्या जागी आवाज भरला होता, आवाजाच्या जागी शांतता. माझा कागद कोरा राहिला.

परीक्षक वाईट माणूस नव्हता. कोऱ्या कागदाकडे बघून म्हणाला, "बाई, हात तारमास्तरचा आहे. कान कुठे ठेवून आलात?"

बाहेर फुटपाथवर डिसोझा वाट पाहत उभे होते. मी सांगितलं तसं त्यांनी कपाळावर हात मारला. बिनतारीवरचा मोर्स शिट्टीसारखाच येतो, आणि आपल्या यंत्रावर नुसतं बोलणं ऐकू येतं. शिट्टी ऐकायला त्यात आणखी एक भाग बसवावा लागतो, तो तुम्ही बसवलाच नाहीत. वर्षभर मी त्या यंत्राशेजारी बसले आणि मला पत्ता नाही! एवढा एक भाग बसवून गेला असतात तर काय बिघडलं असतं? निदान सांगून तरी जायचं. तुम्हाला स्वतःला तरी ठाऊक होतं का? की तुम्हीही माझ्यासारखेच कोरा कागद देऊन आला असतात? खरं सांगा.

डिसोझा भोईवाड्यापर्यंत सोबत आले. एक छोटं शिट्टी वाजणारं यंत्र देतो म्हणाले, बॅटरीवरचं, रोज सराव करा, पुढच्या खेपेला नक्की जमेल. मग चाळीच्या पायऱ्यांपाशी म्हणाले, "वहिनी, एक कराल का? साउंडर माझ्याकडे द्या. तो घरात असेल तोवर तुमचा कान बदलायचा नाही. जुन्या तारमास्तरांचं असंच झालेलं मी पाहिलंय. दोन कान एका डोक्यात राहत नाहीत."

मी त्यांच्यावर चिडले. म्हटलं, विचार करून सांगते. ते बिचारे तसेच गेले.

आता तुम्हीच सांगा, मी काय करू? तुमचा आवाज मला आठवत नाही. खरंच नाही. तुम्ही काय बोललात ते आठवतं, पण कसे बोलायचात ते फोटोतून ऐकू येत नाही. ती टकटक तेवढी जशीच्या तशी कानात आहे. ती काढून टाकायची? परवाना हवा तर तुम्ही माझ्या कानातून जायला हवं, असला कसला कायदा? आणि हे मला सरकारनं नाही, तुमच्याच मित्रानं सांगावं?

हे लिहिता लिहिता चहा आटून करपला. राधाक्का मघाशी दारात येऊन गेली. काय झालं म्हणून विचारलं नाही, माझा चेहरा तिनं पाहिलाच होता. नुसतं म्हणाली, "परत कधी आसा?"

तिच्या सुनेला पुन्हा दिवस गेले आहेत. हे तुम्हाला सांगायचं राहिलंच होतं.

तेव्हा ऐका. उद्या मी स्वतः साउंडर घेऊन गिरगावात जाणार आहे. परत येताना शिट्टीचं यंत्र आणणार आहे. राहिलेला भाग डिसोझांना विचारून मीच डाख लावून बसवणार आहे, आणि भाजले तर भाजले. पुढच्या खेपेला मी कोरा कागद देणार नाही, हा माझा शब्द. मात्र डिसोझा एकदा माझी टकटक ऐकून म्हणाले होते ते खरं आहे. मी पाठवायला लागले की डोळे मिटून ऐकणाऱ्याला वाटतं, तुम्हीच पाठवताय. रेघ जराशी ओढायची तुमची ती खोड, ती माझ्या मनगटात उतरली आहे आणि तिला कुणी हरकत घेतलेली नाही.

मग असं करू. हात तुमचाच राहू दे. कान मी माझा करून घेते.

रागावलेली, तरी तुमचीच,
सुमती