जावईबापूंचा नोंदणी क्रमांक

शहापूर,
रविवार, दि. २६ एप्रिल २०२६

तीर्थरूप यादोमामा यांस,

कुंदनचा वाकून नमस्कार. मामींचा गुडघा आणि आपले उन्हाळी धान, दोन्ही बरे असतील अशी आशा करतो. इकडे आई-बाबा बरे आहेत. मी बरा नाही, पण त्याचे कारण खाली येईलच. फोन केला असता. परंतु आपण फोन स्पीकरवर ठेवता आणि उत्तरे निम्मे आसगाव देते. म्हणून हे पत्र चिंधूभाऊंच्या हाती पाठवत आहे. (त्यांना वाचता येते, म्हणून पाकीट दोनदा चिकटवले आहे.)

आपल्याला ठाऊकच आहे, की रस्त्यालगतच्या प्लॉटवर आमच्या नव्या घराचे भूमिपूजन ११ मे रोजी आहे. १७ पासून धोंड्याचा महिना, मग पाऊस, मग धानाचा रोवणा. म्हणजे ही तारीख हुकली की गोष्ट दिवाळीनंतर गेली. आईने तर सर्वांसमक्ष सांगून टाकले आहे, की गळक्या छपराखाली घमेली मांडून स्वयंपाक करण्याचा तिचा शेवटचा पावसाळा गेल्या वर्षीच झाला. नकाशा अर्थातच आपल्या जावईबापूंकडून, म्हणजे हर्षाताईचे यजमान, आमचे अनुपभाऊजी, यांच्याकडून. घरचा आर्किटेक्ट असताना बाहेरचा कशाला, असे बाबांचे मत. बाबांनी फोनवर मापे सांगितली आणि नकाशा आला. सुरेख आला. (जिन्याखाली आईसाठी तांदळाच्या कोठीची जागासुद्धा होती, जी बाबांनी सांगितलीच नव्हती.)

तो कच्चा नकाशा घेऊन मी बांधकाम परवानगीच्या खिडकीवर गेलो. तिथल्या खुशबू मॅडमनी विचारले, तुमच्या आर्किटेक्टची नोंदणी चालू आहे ना? मी म्हणालो, आहे. त्यांच्या ऑफिसात काचेच्या चौकटीत सोनेरी अक्षरांत 'आजीव सदस्य' असे मी स्वतः वाचले आहे. (दोन वेळा.) मॅडमनी मला आत बोलावून खुर्ची दिली. खिडकीवरच्या माणसाला खुर्ची मिळाली, की समजावे आपण काहीतरी फार चुकीचे बोललो. त्यांनी समजावले ते असे: सदस्यत्व म्हणजे वर्गणी भरून एखाद्या संस्थेत असणे. चांगलीच गोष्ट, पण भजनी मंडळात नाव आहे म्हणून गळा असतोच असे नाही. नोंदणी वेगळी. ती पदवी घेतल्यावर दिल्लीच्या आर्किटेक्ट कौन्सिलकडे कायद्याने होते, तिला क्रमांक असतो, मुदत असते, वेळोवेळी नवी करावी लागते, आणि तिच्याशिवाय कोणाला स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. क्रमांक मिळाला, की कौन्सिलच्या वेबसाइटवर कोणीही नाव तपासावे. म्हणजे मागायचा होता फक्त क्रमांक.

मामा, इथे माझी भूक गेली ती गेलीच. जावयाला क्रमांक मागायचा कसा? बाबांना विचारले, तर ते कडाडले, "काहून बे, ज्याच्या पाया पडतो त्याले कागद मागतेत का? उद्या म्हणशील, आधार कार्ड दाखवा, मंग पाटावर बसा!"

तरी बाबांना घेऊन भंडाऱ्याला भाऊजींच्या ऑफिसात गेलो. बाबांनी आत शिरताच भाऊजींना त्यांच्याच खुर्चीत बसवून शेला-नारळ दिला आणि पाया पडले. त्यानंतर नोंदणीचा विषय काढणे मला जमेना. मी उन्हाबद्दल बोललो. मग चौकटीच्या काचेची स्तुती केली. मग पुन्हा उन्हाबद्दल. शेवटी आतल्या खोलीतून हर्षाताई पाणी घेऊन आली. (कानामागे पेन्सिल होती, मला वाटले, पोरांचा गृहपाठ घेत असेल.) म्हणाली, "कायले एवढा घाम पुसून राहिला रे? कूलर तं सुरू आहे." मी तिला बाजूला नेऊन हळूच सांगितले, की नकाशावर लागतो तो नोंदणी क्रमांक पाहिजे. तिने कानामागची पेन्सिल काढून चिठ्ठीवर लिहून दिला.

घरी येऊन तपासला. क्रमांक खरा होता, मुदत चालू होती. फक्त नाव भाऊजींचे नव्हते. आपल्या हर्षाताईचे होते.

चार वेळा तपासून भाऊजींना फोन केला. ते खो खो हसले. "अबे, मी डिप्लोमावाला. साइट पाहतो, गिट्टी-लोखंड पाहतो. आर्किटेक्ट तुही बहीण आहे. मी कधी म्हटलं का? तुमीच तं पाया पडून राहिले!"

खरेच, त्यांनी कधी म्हटले नव्हते. दारावरच्या पाटीवरही 'हर्षा-अनुप' असेच आहे. पण आपल्याकडे ट्रॅक्टरवर बायको-पोरांची नावे रंगवतात, त्यातलाच प्रकार असे मी धरून चाललो. ताई नागपूरला पाच वर्षे 'ड्रॉइंग' शिकते, एवढेच आपण सांगत असा. म्हणून आमच्याकडच्या प्रत्येक लग्नात रांगोळी तिच्याकडे. (आता आठवते, की तिच्या रांगोळीत येण्याजाण्याची वाट नेहमी मोकळी असे.)

ताई म्हणते, स्वतः प्लॉट मोजल्याशिवाय ती नकाशावर शिक्का मारत नाही. त्यासाठी ती बुधवारी भाऊजींसह टेप घेऊन येत आहे. बाबांना यातले काही माहीत नाही. त्यांनी भाऊजींसाठी नवा पाट आणला आहे, आणि ताई आली की ते तिला भाजी चिरायला आत पाठवतील, हे मी न तपासता सांगू शकतो. मी फार थकलो आहे.

आपला आज्ञाधारक भाचा,
कुंदन

ता. क. : पत्र केवळ खुशालीचे आहे, काही मागणे नाही. फक्त आपण मंगळवारीच यावे आणि बाबांना आपणच सांगावे. मुलगी आपली आहे. मी आपल्या मागे उभा राहीन.

ता. क. दुसरा : आत्ताच आईला सांगून पाहिले. ती तांदूळ निवडत म्हणाली, "मले माहीत हाय. कोठी कुठं पाहिजे, थे तिनंच तं मले इचारलं होतं." मग आम्हाला सांगितले का नाही? "मले कोणी इचारलं?"

ता. क. तिसरा : भूमिपूजनाच्या पत्रिकांचा मजकूर मीच दिला होता, त्या कालच छापून आल्या. त्यांवर 'आर्किटेक्ट : सौ. हर्षा' असे ठळक आहे. बाबांचा चष्मा तूर्त माझ्याजवळ आहे. मंगळवारपर्यंत ठेवू शकेन. बुधवारी ते दुसरा करायला भंडाऱ्याला जातो म्हणतात.