हत्ती आणि आईचा ऐतवार

आप्पा, तुमच्या गाडीबद्दल लिहायला बसले आहे. इतकी वर्षं झाली, तुम्ही नाही, आई नाही, गाडीही नाही, तरी तिचा राग माझ्या डोक्यातून जात नाही. तो कुणावर काढायचा हेही ठरत नाही. तुमच्यावर काढायला जावं तर बाह्या दुमडून, हातात चिंधी घेऊन तिचा पत्रा पुसत उभे असलेले तुम्ही दिसता. आईवर काढावा तर ती ओठ मिटून मागच्या सीटवर बसलेली दिसते. मग राग तसाच राहतो, आणि मी चहा करायला उठते.

गाडी तुम्ही हौसेनं घेतली नव्हती, हे मला माहीत आहे. माझ्या वेळच्या बाळंतपणात आईची कंबर गेली ती गेलीच. तिचं माहेर नंदगड. निपाणीहून एसटीनं बेळगाव, तिथून खानापूर, पुढं नंदगड. एसटीच्या मागच्या बाकावर आदळत ती एकदा जाऊन आली की आठवडाभर अंथरुणाला खिळायची. शेवटी तिनं माहेरी जाणंच सोडलं. तुम्ही तंबाखूच्या वखारीत मुकादम, मालकाच्या ट्रकवर गाडी शिकलेले. पेट्रोल महागलं आणि जुन्या अमेरिकन गाड्या पोसणं लोकांना जड व्हायला लागलं, तेव्हा बेळगावच्या कॅम्पातले एक निवृत्त लष्करी साहेब त्यांची गाडी विकून गाव सोडून चालले होते. मालकांनी तुम्हाला निरोप दिला आणि तुम्ही ती घेऊन आलात. गल्लीत शिरताना ती दोन्हीकडच्या ओट्यांना घासेल की काय असं वाटत होतं. त्याच संध्याकाळी तिचं नाव हत्ती पडलं.

हत्ती आला आणि अंगण गेलं. आई जिथं मिरच्या आणि सांडगे वाळत घालायची तिथं तुम्ही पत्र्याची शेड ठोकलीत. तिनं सुपं उचलून घरात नेली. पुढची सीट सलग, बाकासारखी लांब, गियर स्टेअरिंगलाच. मागची सीट अशी मऊ की माणूस आत रुतायचा. तुम्ही आईला मागं बसवलंत, गावाबाहेर हायवेपर्यंत फिरवून आणलंत आणि आरशातून तिच्याकडं बघत विचारलंत, "कसं वाटतंय? पोटातलं पानी तरी हलतंय व्हय?"

"न्हाय," आई म्हणाली. "कुठलं हलतंय."

आप्पा, सगळं हलत होतं. एसटी आदळायची, पण तुमचा हत्ती डुलायचा. प्रत्येक खड्ड्यावरून तो एकदा खाली जायचा, मग सावकाश वर यायचा, आणि मनासारखं झालं नाही म्हणून आणखी एकदा खाली जायचा. मला त्याची गंमत वाटायची. आईचा चेहरा मात्र गावची शीव ओलांडायच्या आत पांढरा पडायचा.

पहिल्यांदा नंदगडला निघालो तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. वंटमुरीच्या घाटात हत्ती तापतो. तुम्ही बॉनेट उघडून, टॉवेलानं रेडिएटरचं झाकण फिरवून, वाफ जायची वाट बघत उभे आहात. आई मला हाताला धरून उताराच्या बाजूला घेऊन जाते, करवंदीच्या जाळीमागं वाकते आणि सकाळचं सगळं उलटून टाकते. मी तिची पाठ चोळते आहे. तोंड पुसून ती आधी तुमच्याकडं बघते, तुमचं लक्ष नाही ना ते.

"आप्पास्नी सांगू नगंस गं," ती म्हणते. "माझ्यापायी घेतलीया त्येनी. जीव तुटंल त्येंचा."

मी मान हलवली. ती मान मी इतकी वर्षं धरून बसले आहे.

पुढच्या खेपेला तिनं तोड काढली. रिकाम्या पोटी बसलं की उलटी होत नाही, नुसती मळमळ होते, हे तिच्या ध्यानात आलं. पण भाकरी का खात नाहीस म्हणून तुम्ही विचारणार. वखारीला सुट्टी रविवारची, म्हणजे जाणं-येणं रविवारीच. तिनं सांगून टाकलं की आपण जोतिबाचा ऐतवार धरलाय. आता ऐतवार एकदा धरला की तो फक्त प्रवासाच्या दिवशी धरून कसं चालेल? महिन्या-दीड महिन्यातून एकदा आपण नंदगडला जायचो, आणि त्यासाठी ती बाई वर्षातले सगळे रविवार उपाशी राहायला लागली. आणि तुम्ही काय केलंत? गाडी मिळाली म्हणून हिनं देवाचे उपकार मानून ऐतवार धरला, असं वखारीत, गल्लीत, पेट्रोल पंपावर सांगत सुटलात. वर तिची सोबत म्हणून स्वतःही रविवारचं मटण सोडलंत. आपल्या घरात आठवड्यातून एकदाच मटण शिजायचं, आप्पा. त्या हत्तीनं तेही खाल्लं. आईला मटणाची केवढी आवड होती हे तुम्हाला मी सांगायला नको, आणि तुमच्या त्यागाचं कौतुक तिला चारचौघांत हसून ऐकून घ्यावं लागायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

नंदगडला मामा आपण येणार म्हणून कोंबडं कापायचे. मामी पहाटेपासून चुलीपुढं. आपण दुपारी पोचायचो, आणि आई हात धुवून पाटाशेजारी बसायची, आपल्याला वाढायला. संध्याकाळी परत तेच डुलणं, त्यामुळं तिथंही तिला घास घेता येत नव्हता. मुक्काम करावा तर तुम्हाला सोमवारी सकाळी वखार उघडायची. एकदा मामी चिडलीच. सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमच्या भैणीला आमचं अन्न गोड लागत न्हाय आता. मोटारीतनं येत्यात न्हवं." आई हसली आणि तिनं माझ्या ताटात रस्सा वाढला. ज्या माहेरासाठी गाडी घेतली, त्या माहेरी तिला पुन्हा कधी पोटभर जेवता आलं नाही. तुम्ही मात्र दुसऱ्यांदा भाकरी मागून घेत होतात आणि मामांना इंजिनाची थोरवी सांगत होतात.

मला राग येतो तो याचाच. इंजिनात कुठं बारीक खडखड झाली तर तुम्हाला अर्ध्या झोपेत कळायची. आई तेवढी तुम्हाला ऐकू आली नाही. बरं, तुमचं तिच्याकडं लक्ष नव्हतं असंही म्हणता येत नाही. एका खेपेला तिनं दाराचं हँडल घट्ट धरलेलं तुम्ही आरशात पाहिलंत. तुम्हाला वाटलं, कंबरेला हिसके बसतात. लगेच पुढच्या आठवड्यात मिस्त्रीला सांगून मागच्या चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांतलं एकेक पान काढून घेतलंत, गाडी आणखी मऊ व्हावी म्हणून. शिवाय कापसाची नवी गादी भरून आणलीत. मिस्त्री नको म्हणत होता, मागून गाडी बसेल म्हणाला. तुम्ही त्यालाच गप्प केलंत. त्यानंतर हत्ती नुसता डुलायचा नाही, झुलायचा. पहिल्याच खेपेला काकतीपर्यंतच आईनं तीनदा गाडी थांबवायला लावली. एकदा देवळापुढं हात जोडायला, एकदा पाय मोकळे करायला, एकदा मला तहान लागली म्हणून. मला तहान लागली नव्हती. तुम्ही परतल्यावर विचारलंत, "आता कशी झालीया?" आणि ती म्हणाली, "लई झ्याक."

तेव्हा मी शाळकरी पोर नव्हते, बेळगावात कॉलेजला होते. घरी आल्यावर स्वयंपाकघरात मी आईवर तोंड टाकलं. किती दिवस हा तमाशा, आज मी आप्पांना सांगणार, म्हणाले. ती तव्यावरची भाकरी उलटत होती. आवाज न चढवता म्हणाली, "त्येनी उभ्या जन्मात माझ्यासाठी एक वस्तू घेतली. ती बी मला सोसंना, हे त्यास्नी कळाया पायजे व्हय?" धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तुम्हा दोघांची गत, आणि मी मधल्या मध्ये.

तुम्ही गेलात ते झोपेतच, पावसाळा संपता संपता. हत्ती शेडमध्ये उभा राहिला. विकूया म्हटलं की आई विषय बदलायची. तुमच्या वर्षश्राद्धानंतर ती मला घेऊन एसटीनं नंदगडला गेली. कंबर अवघडून गेली होती, उतरताना कंडक्टरनं हात दिला. पण रविवार असूनही मामीनं वाढलेलं सगळं तिनं खाल्लं. कोंबडीचा रस्सा मागून घेतला, भात कालवला, हाडं चोखली. मामी तिच्याकडं बघतच राहिली. मला वाटलं, सुटली एकदाची. आणि हात धुताना ती पाठमोरी होऊन रडायला लागली. "त्येनी असते तर गाडीनं आलो असतो गं," म्हणाली. आप्पा, मी कपाळाला हात लावला. पुढच्या रविवारी तिनं पुन्हा ऐतवार धरला. आता कुणासाठी, हे मी विचारलं नाही. मरेपर्यंत मोडला नाही तिनं.

तिच्यामागं हत्ती मी बेळगावच्या एका माणसाला देऊन टाकला. तो वरातीसाठी जुन्या गाड्या ठेवायचा. गाडी गल्लीबाहेर पडली तेव्हा मागून तशीच बसलेली होती, तुमची ती काढलेली पानं कुणी परत घातलीच नव्हती.

हे पत्र टाकायचं कुठं, हा प्रश्न नाही. पत्ता असता तरी मी टाकलं नसतं. घाटात मान हलवली ती हलवली. पण आज हे लिहायला बसले त्याला कारण झालं. तुमच्या नातवानं परवा मोठी गाडी घेतली. त्याला तुमची आठवण फारशी नाही, पण माझेही आता गुडघे आणि कंबर कुरकुरतात हे त्यानं पाहिलंय. काल फोन करून म्हणाला, आई, खास तुझ्यासाठी मऊ सीटची बघून घेतलीय, रविवारी तुला नंदगडला नेतो, मामांच्या सुनेला जेवणाचं सांगून ठेवतो, पोटातलं पाणी हलणार नाही बघ.

गाडी आणली त्या संध्याकाळी त्यानं मला एक चक्कर मारून आणलं होतं. इथं बेळगावात, कॅम्पाच्या वळणापर्यंतच मी पदर तोंडाला लावला होता.

मी त्याला म्हणाले, येते की रे बाळा, पण माझ्या जेवणाचं सांगू नकोस, मी ऐतवार धरलाय.